कबड्डीचं मंडळ, गळणारी मुलं आणि हजेरीची वही

प्रश्न असा आहे: "इचलकरंजीत आमचं तरुण मंडळ आहे. रोज संध्याकाळी कबड्डीचा सराव घेतो. तेरा ते अठरा वयाची पंचवीसेक मुलं येतात, बहुतेक यंत्रमाग कामगारांची. बिहार-यूपीकडून आलेल्या कामगारांची मुलंही येतात, पण आठ-पंधरा दिवसांत गळतात. महिन्यापूर्वी त्यांच्यातल्याच एकानं जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला. वाचला, आता घरी आहे. मंडळातले ज्येष्ठ म्हणतात मानसोपचारतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवू, खर्च करायला एक जण तयार आहे. व्याख्यान ठेवावं का? आणि ही मुलं टिकवायची कशी?"

दादा, व्याख्यानाचं आधी सांगून टाकतो. आत्ता नको.

मी सांगलीकडचा. चोवीस वर्षं शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे आणि मध्येच समुपदेशनाचा डिप्लोमा केला. तो करण्याआधी मी तुमच्या ज्येष्ठांसारखाच विचार करायचो. आमच्या हॉलमध्ये डॉक्टरांना बोलावलं, सतरंज्या टाकल्या, हार-नारळ झाला, एकशेचाळीस मुलं बसवली. डॉक्टर मनापासून बोलले. शेवटी "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर एका मुलानं हात वर केला आणि अगदी शहाणा प्रश्न विचारला. पुढचं वर्षभर त्या पोराचं नाव "डिप्रेशन" पडलं. "ए डिप्रेशन, चढाईला जा." मी शिट्टी तोंडात धरून हे ऐकत होतो आणि मला ते कळायलाच तीन महिने लागले. यात डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. पाणी मुरायला जमीन तयार नसताना मी टँकर ओतला होता.

तुमच्याकडे तर नुकताच एक प्रसंग घडून गेलाय. आत्ता सभा भरवली की सगळ्यांचे डोळे त्याच्या रिकाम्या जागेकडे वळणार. तो घरी बसून ऐकणार की आपल्यामुळे कार्यक्रम ठेवलाय. म्हणून सहा महिने तरी सभा नको.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, मला मात्र तो एकच दिसतो. काही मुलं गळतात आणि त्यांच्यातलाच एक जीव द्यायला निघतो, या दोन्हींच्या मुळाशी "आपण तिथं नसलो तरी कुणाला फरक पडत नाही" ही एकच भावना असू शकते. "असू शकते" मुद्दाम म्हणतोय. त्या मुलाच्या घरी काय चाललंय, कर्ज आहे का, मार आहे का, परीक्षा आहे का, प्रेम आहे का, मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही पूर्ण ठाऊक नसणार. अशा गोष्टीला एकच कारण सहसा नसतं, ते शोधत बसू नका. आपल्या हातात मैदानाचे दोन तास आहेत, त्यांचंच बोलू.

लहानपणी आपण लिंबूटिंबू ठेवायचो, आठवतंय? कुणाचा तरी धाकटा भाऊ, त्याला खेळात घ्यायचं पण धरायचं नाही. तो बाद झाला तरी बाद नाही, त्यानं गडी मारला तरी मोजायचा नाही. त्याला दोन दिवस मजा वाटते, तिसऱ्या दिवशी पोराला कळतं की आपण खेळात नाहीच. बाहेरून आलेल्या मुलांना बहुतेक मंडळं नकळत असंच वागवतात. "आम्ही कुणाला अडवत नाही हो" असं सगळेच म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण अडवलं नाही म्हणजे घेतलं असं होत नाही.

"मैदानावर जातपात नसते" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मला ते पटत नाही. क्रिकेटपटू पळवणकर बाळूंची गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगतो. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करणारा चर्मकार कुटुंबातला हा मुलगा गोऱ्या साहेबाला नेटमध्ये गोलंदाजी टाकता टाकता देशातला अव्वल डावखुरा फिरकीपटू झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळताना चहाच्या वेळी त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात यायचा. चेंडू त्यांच्या हातचा चालायचा, कप चालायचा नाही. त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही, ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं, १९२३ साली. म्हणजे माणूस परका ठरतो तो चहाच्या वेळेला. म्हणून मी सराव बघायला गेलो की मधला दीड तास फारसा बघत नाही. पहिली दहा मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं बघतो.

तुम्हीही उद्या नुसते बघा, काही बोलू नका. फक्की, म्हणजे रेषांची पांढरी पूड, कोण मारतं? मैदानावर पाणी कोण मारतं? रोज तीच दोन-तीन पोरं असतील तर ती कुठली आहेत? बाटली कुणाची कुणाकडे फिरते? संघ पाडताना दोन दादा पोरं उभी राहून "मी ह्याला, तू त्याला" करतात का? करत असतील तर शेवटी कोण उरतं? सराव संपल्यावर कोण कुणाच्या सायकलवर बसून जातं आणि कोण एकटं चालत सुटतं? आणि हाक. त्या मुलांना नावानं हाक मारतात की "ए भैय्या"? मारणाऱ्याच्या मनात काही नसतं, मला माहिती आहे. ऐकणाऱ्याला मात्र दिवसातून पन्नासदा आठवण करून दिली जाते की तू इथला नाहीस.

यातलं बरंचसं आठ दिवसांत बदलता येतं आणि त्याला एक रुपया लागत नाही. संघ चिठ्ठ्यांनी पाडा. फक्की आणि पाण्याची पाळी लावा, त्यात कर्णधारही आला आणि तुम्हीही. हाक नावानंच, त्यावर भाषण न देता. आमच्याकडे नियम असा होता की टोपणनावानं हाक मारली की ज्याला मारली त्याच्या बाजूला एक गुण. सुरुवातीला हसले, मग गुण जायला लागल्यावर आपोआप सुधारले. शिवाय नवीन मुलाला पहिल्या आठवड्यात एखादी खरी जागा द्या. सगळ्यांना चढाई करायची असते, कोपरा कुणालाच नको असतो. मी नव्या मुलाला कोपऱ्यावर उभा करून घोट्याची पकड शिकवतो. ती शिकायला ताकदीपेक्षा वेळ साधणं लागतं, आणि एकदा का त्यानं संघातल्या सगळ्यात तगड्या चढाईपटूचा घोटा धरून त्याला आडवा केला की तो लिंबूटिंबू राहत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मला त्यात गंमतही वाटत नाही, फक्त समाधान वाटतं.

आता वहीकडे येतो. तुमच्याकडे हजेरी असेलच, पण बहुधा स्पर्धेच्या निवडीसाठी. मी ती वेगळ्या कामासाठी ठेवतो. नावापुढे तीनच खुणा: आला, नाही आला, उशिरा आला. आणि घरी जाताना कुणी फार एकटा किंवा बदललेला वाटला तर नावाशेजारी पेन्सिलीनं एक टिंब. काय वाटलं ते लिहायचं नाही, कारण वही कुणाच्याही हाती लागते. नुसतं टिंब. दोन आठवड्यांत एका नावाशेजारी चार-पाच टिंबं जमली की बोलायचं. सलग दोन दिवस गैरहजर असेल तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी घरी जायचं. हे "कुणीतरी" आधीच ठरलेलं हवं, नाहीतर कुणीच जात नाही. आणि जाऊन "का आला नाहीस?" विचारायचं नाही. "आज चढाईला माणूस कमी आहे, चल" एवढंच.

हे उशिरा शिकलो, चूक करून. आमच्याकडे उजव्या कोपऱ्यावर खेळणारा एक मुलगा होता, तो आठवड्याआड गायब व्हायचा. मी त्याला बेशिस्त ठरवून जिल्ह्याच्या संघनिवडीला नेलंच नाही. नंतर त्याच्या आईकडून कळलं की तो कारखान्यात मागाची कांडी (सुताची रिळं) भरायला जायचा आणि कामाची पाळी आठवड्याला बदलायची. माझ्या वहीत ते डोळ्यांसमोर होतं, एक आठवडा भरलेला, एक रिकामा, एक भरलेला, एक रिकामा. मला वाचता आलं नाही. इचलकरंजीत तर हे तुमच्याकडे नक्की असणार. गळालेल्या मुलांच्या तारखा काढून बघा. त्यातली निम्मी पाळीमुळे गळाली असतील तर त्यावर समुपदेशन कशाला? त्यांना सकाळचा एक सराव लागेल. आणि मूल चौदाच्या आतलं असेल, तर त्याला कारखान्यात कामाला लावणं हाच मुळात कायद्यानं गुन्हा आहे. तिथं १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

टिंबं जमली की बोलायचं कसं? "बरा आहेस ना?" विचारलं की "हो सर" हेच उत्तर येतं, गेली चोवीस वर्षं येतंय. जे दिसलं ते सांगा. "दोन आठवडे बघतोय, पाणी प्यायला तू बाजूला जातोस. पूर्वी जायचा नाहीस. काय चाललंय?" समोरासमोर बसवून नको. शेजारी चालता चालता, किंवा फक्की मारता मारता. हाताला काम आणि डोळे जमिनीवर असले की पोरं बोलतात. त्यानं सांगितलं तर लगेच उपाय सांगू नका, "आमच्या वेळी तर..." हे तर अजिबातच नको. आणि "कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. "तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी मोठ्या माणसाला सांगणार, पण आधी तुला सांगून" एवढं खरं आहे, तेवढंच बोला.

तुम्हाला डॉक्टर व्हायची गरज नाही, हे माझं नुसतं मत नाही. गोव्यात १९९६ साली सुरू झालेली संगाथ ही संस्था हेच काम करते. थोडं प्रशिक्षण आणि नीट देखरेख मिळाली तर डॉक्टर नसलेली गावातली माणसंही नैराश्याच्या रुग्णाला खरी मदत करू शकतात, हे त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रांतून करून दाखवलं. पण "देखरेख" हा शब्द गाळू नका. एकट्यानं सगळं अंगावर घेतलेले प्रशिक्षक मी थकून मैदान सोडताना पाहिलेत.

किती मुलांचा प्रश्न असतो, याचाही अंदाज हवा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. तुमच्या पंचवीसांत हिशेबानं दोन. म्हणजे तुम्ही पंचवीस जणांवर उपचार करायला निघालेला नाही. दोघांना वेळेवर ओळखून पोचवायचंय आणि बाकी तेवीस त्यांना परकं करणार नाहीत एवढं बघायचंय. आजाराला कबड्डी हे औषध नाही. खेळानं झोप सुधारते, मूड सुधारतो, सगळं खरं, पण आजारी मुलाला "ग्राऊंडवर ये, सगळं जाईल" म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला पळायला लावणं.

आता त्या मुलाबद्दल, कारण तुमचा खरा घोर तोच असणार.

त्याच्या घरी जा. एकटे नको, त्याच्या विश्वासातला एक मित्र घ्या. फळं-बिळं नेऊन आजारी माणसाची भेट करू नका. डॉक्टरांकडे परत दाखवायला जातात का, हे आईवडिलांना विचारा. बऱ्याच घरांत दवाखान्यातून सुटला की विषय मिटला असं समजतात, आणि पुढचे काही महिने तर जास्त जपायचे असतात. पोलिसांची भीती असेल तर सांगा: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, उलट त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर सरकारी रुग्णालयात असतात, त्यांचे वार विचारून ठेवा आणि शक्य असेल तर पहिल्या वेळी सोबत जा. परक्या गावात केसपेपरच्या रांगेत मराठी न येणारी आई एकटी उभी राहते, तिथंच अर्धे उपचार थांबतात. शिवाय टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलतात, हिंदीतही बोलतात. हा नंबर मंडळाच्या फलकावर लावा, पण त्या मुलाचं नाव कुठं जोडलं जाईल अशा रीतीनं नको. अँब्युलन्स आणि अग्निशमनाच्या नंबरांच्या रांगेत आणखी एक म्हणून लावा.

तुम्हाला कधी शंका आली की त्याच्या डोक्यात पुन्हा तेच येतंय, तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं डोक्यात येतं, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी नाव घेतलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती द्यायचं, धोकादायक वस्तू हाताशी राहू द्यायच्या नाहीत आणि त्याच दिवशी रुग्णालय. सकाळची वाट बघायची नाही.

तो परत मैदानावर येईल तेव्हा काय? टाळ्या नकोत, "वेलकम बॅक" नको. त्याच्या येण्याआधी त्यालाच विचारा, "पोरांना काय सांगू?" तो म्हणेल ते आणि तेवढंच सांगा. "बरा नव्हता, आता खेळणार आहे" एवढं पुरतं. पहिल्या दिवशी पूर्ण सराव नको, पण नुसतं बाहेर बसवून गुण लिहायला लावू नका. हे मी हात-पाय अधू असलेल्या मुलांबाबतही सांगत असतो; "तू गुणलेखक हो" हा प्रेमळ शब्दांत दिलेला नकार असतो. पाच मिनिटं का होईना, रेषेच्या आत घ्या. आणि त्याच्याशी फार जपून वागू नका, पोरांना ते लगेच कळतं. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर रांगेत बसतो आणि आपल्या बाजूनं गुण घेतला की आधी बाद झालेला आधी जिवंत होऊन आत येतो. पहिल्यांदा आला त्या दिवशी आमच्याकडचा असाच एक मुलगा दोनदा बाद झाला, दोनदा आत आला, आणि दुसऱ्यांदा आत येताना बाकीची पोरं नेहमीसारखी ओरडली, "लवकर ये की रं!" त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की नेहमीसारखं ओरडणं हेच त्याला हवं होतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आपल्या भागात ती विचारल्याशिवाय राहवत नाही. वजनी गट. पंचावन्न किलोच्या स्पर्धेआधी पोरं दोन दिवस जेवत नाहीत, पाणी तोडतात, उन्हात स्वेटर घालून पळतात, थुंकून थुंकून वजन उतरवतात. आणि आपण प्रशिक्षक काट्याशेजारी उभे राहून "अजून तीनशे ग्रॅम" म्हणतो. मीही म्हटलंय. चक्कर येऊन पडलेल्या पोराच्या तोंडावर पाणी मारलंय आणि तासाभरानं त्यालाच खेळवलंय. हे करणाऱ्या मंडळानं मानसिक आरोग्यावर बोलू नये. वाढत्या वयाचा मुलगा वरच्या गटात गेला तर जाऊ द्या, त्या वर्षी चषक हुकेल. तसंच "रडतोस काय पोरीसारखा" हे वाक्य. ते ऐकलेला मुलगा रात्री तुम्हाला फोन करणार नाही.

मुलींचं तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे त्या येत नसाव्यात. त्यावर वेगळं लिहावं लागेल. एवढंच सांगतो की सुरुवात वेळेपासून आणि शौचालयापासून करा, प्रशिक्षकापासून नव्हे. आणि अठराखालच्या कुठल्याही मुलानं किंवा मुलीनं लैंगिक छळाबद्दल सांगितलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. ते मंडळात बसून मिटवायचं नसतं, मग माणूस कितीही आपला असो.

यातलं काय किती चालेल हे तुमच्या मंडळावर आहे. मंडळ एखाद्या पक्षाचं असेल, निवडणूक जवळ असेल, तर "बाहेरची पोरं" हा विषय मैदानाबाहेर पेटलेला असतो आणि त्याची धग आत येते. तिथं ज्येष्ठांशी भांडू नका. त्या पोरांतूनच घोटे धरणारा एक कोपरारक्षक तयार करा, मग ज्येष्ठच त्याला बाहेर जाऊ देणार नाहीत. स्वार्थी वाटेल, पण चालतं. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांची फुटबॉल स्पर्धा सुरू केली, त्यातून पुढे स्लम सॉकर उभं राहिलं आणि तिथली पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. ते काम मोठं आहे, पण त्याकडे बघून आपल्याकडून काही होणार नाही असं मात्र वाटून घेऊ नका. तुम्हाला विश्वचषक नकोय, तुम्हाला सहा पोरं दिवाळीपर्यंत टिकवायचीत.

पैसे देणाऱ्याला नाराज करू नका. व्याख्यानाचे पैसे मैदानाच्या दोन हॅलोजनला लावा, म्हणजे पाळी सुटून आलेल्या पोरांना आठ वाजता खेळता येईल. फलकावर नाव लागेल, तोही खूश. उरलेल्यातून तुम्ही आणि आणखी एक जण मिळून समुपदेशनाचं प्राथमिक प्रशिक्षण घ्या, आणि त्या डॉक्टरांना महिन्यातून एकदा सभेला नव्हे, सरावाला बोलवा. पॅन्ट वर करून फक्की मारणारे डॉक्टर पोरांना आवडतात. सहा महिन्यांनी पोरंच काहीतरी विचारतील, तेव्हा वाटलं तर व्याख्यान ठेवा.

वही शंभर पानीच घ्या. दोनशे पानी घेतली की मागच्या पानांवर पोरं फुली-गोळा खेळतात.